गुपित फुटलं १०९ तासांत

एडमंड मॅकमिलन यांचा ‘म्यूजेनिक्स’ अखेर आला आणि त्याच्यासोबत नेहमीची शोधाशोधही आली. २०१२ मध्ये जाहीर झालेला, मग बरीच वर्षं बासनात पडलेला आणि टायलर ग्लेएल यांच्या साथीनं पुन्हा उभा राहिलेला हा मांजरांचा गेम कसा आहे, यावर भरपूर लिहून झालंय. मला त्याबरोबर सुरू झालेल्या दुसऱ्या खेळाबद्दल लिहायचंय. यात काय दडवलंय, ते कधी आणि कुणाला सापडणार, याबद्दल मांडले जाणारे तर्क हा तो खेळ. मॅकमिलन यांच्या गेममध्ये भिंतसुद्धा संशयानं ठोकून बघायची, ही सवय खेळाडूंना त्यांनीच लावली आहे.

त्यासाठी ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक: रीबर्थ’कडे जावं लागतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेला हा रोगलाइक. मेलात की पहिल्यापासून सुरुवात, आणि दर वेळी तळघरातल्या खोल्यांची मांडणी नवी. अशा गेममध्ये गुपित दडवणं हे वेगळंच काम आहे. ठरलेल्या नकाशाच्या गेममध्ये एखादी विचित्र गोष्ट दिसली, तर ती कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असणार हे उघड असतं. रोगलाइकमध्ये ती नशिबानं आली की हेतूनं ठेवली, हे एकट्याला कळत नाही. अनेकांच्या रन, म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंतच्या खेळी, एकमेकांशी ताडून बघाव्या लागतात. म्हणजे इथली शोधमोहीम मुळातच सामुदायिक असते, आणि मॅकमिलन यांनी नेमकं हेच हेरलं होतं.

‘रीबर्थ’मध्ये ‘द लॉस्ट’ नावाचं एक पात्र दडवलं होतं. एक फटका बसला की संपलं, असं भुतासारखं पात्र. त्याच्यापर्यंत जायची वाट अशी: ‘हरवला आहे’ छापाच्या पोस्टरचा एक तुकडा कधीतरी हाताला लागतो. तो जवळ असताना काटेरी बळीच्या खोलीत जीव दिला, तर मेल्यावर येणाऱ्या पानावर एका चित्रकोड्याचा भाग दिसतो. एकट्याच्या तुकड्यातून काहीच उमगत नाही. अनेकांचे तुकडे जोडले की चार मृत्यूंचा क्रम समोर येतो. आयझॅक या पात्रानं मलीबूम नावाच्या शत्रूच्या स्फोटात मरायचं, मॅग्डालीननं स्वतःच्याच बॉम्बनं, ज्यूडसनं आईच्या हातून आणि अझाझेलनं थेट सैतानाच्या हातून. तेही ठरलेल्या मजल्यांवर आणि ठरलेल्या क्रमानं. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्यक्षात हे करताना काय होतं ते बघा. मलीबूम अंगावर धावत येतो आणि फुटतो. पण तुमच्याकडे पुरेसं आयुष्य असेल तर त्या स्फोटात तुम्ही मरतच नाही. म्हणून आधी दुसरीकडे मार खाऊन स्वतःला अधमेलं करून ठेवायचं. मग मलीबूमची वाट बघायची आणि तो दिसला की त्याच्यापुढे नुसतं उभं राहायचं. सगळा गेम तुम्हाला जगायला शिकवतो, आणि हे कोडं म्हणतं, नीट मरून दाखव. यंत्रणेचे नियम इतक्या बारकाईनं उलटे फिरवणारं दुसरं कोडं मला तरी आठवत नाही.

आणि ते कुणी सोडवलंच नाही. १०९ तासांत खेळाडूंनी गेमच्या फाइल उघडून आत काय आहे ते वाचून काढलं, आणि उत्तर जगभर झालं. मॅकमिलन नाराज झाले, आणि ती नाराजी त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवली. मला त्यांची बाजू पूर्ण पटते. दिवाळी अंकातल्या शब्दकोड्याचं उत्तर कुणी शेवटच्या पानावर बघितलं तर त्यात इतरांचं काही जात नाही. इथे मात्र ते उत्तर मुखपृष्ठावर छापलं गेलं. अनेकांनी मिळून तुकडे जोडायचा जो एकच प्रसंग येणार होता, तो कायमचा गेला. नंतर ‘लॉस्ट’ची अटही सोपी करण्यात आली. पोस्टर घेऊन बळीच्या खोलीत मरा, बस्स.

गेममध्ये गुपित ठेवायची परंपरा जुनी आहे. अटारीच्या ‘अॅडव्हेंचर’मध्ये वॉरन रॉबिनेट यांनी एका पिक्सेलच्या करड्या ठिपक्याआड स्वतःच्या नावाची खोली लपवली, कारण कंपनी प्रोग्रामरचं नाव छापत नसे. तो ठिपका शोधायला मात्र खेळावंच लागे. आता फाइलमध्ये जे आहे ते सापडणार, हे गृहीतच धरावं लागतं. मग लपवायचं कुठे?

मॅकमिलन यांचं उत्तर होतं, फाइलच्या बाहेर. ३० ऑक्टोबर २०१५ ला ‘आफ्टरबर्थ’ हा पुढचा भाग आला, तेव्हा फाइल चाळणाऱ्यांना हवं ते पात्र मिळालंच नाही. ते अपडेटमधून यायचं होतं, आणि तोवर खेळाडूंना कोडी सोडवत पडद्याबाहेर यावं लागलं. धागेदोरे पोचले कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला, मॅकमिलन यांच्याच गावी. तिथे लोकांनी जमीन खणून गेममधल्या ‘ग्रीड’ची छोटी मूर्ती बाहेर काढली! शेवटी उघडलेल्या त्या पात्राची, ‘कीपर’ची, अट आजही साधी आहे: ग्रीडच्या दानपेटीत १००० नाणी टाकायची. तिथवर पोचायला मात्र अख्खा समुदाय राबला, आणि माझ्या मते या क्षेत्रात एखाद्या गुपिताला मिळालेला हा सर्वांत मोठा मान आहे.

फिनलंडच्या नोला गेम्सनं ‘नोइटा’त (२०२०) याच्या नेमकी उलटी वाट धरली. तिथे गुपित उघड्यावरच आहे. मुख्य नकाशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या समांतर जगांमध्ये डोळ्यांच्या चित्रांच्या रांगा आहेत. असे नऊ संदेश. प्रत्येक डोळा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ समोर बघतो. तीन-तीन डोळ्यांचा गट धरला तर पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५ चिन्हं शक्य होतात. पण ते गट विशिष्ट पद्धतीनं वाचले की फक्त ० ते ८२ एवढ्याच किमती येतात, मध्ये एकही खंड न पडता. हे योगायोगानं होत नाही. तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. सांकेतिक लिपीचं गणित जाणणारी मंडळी वर्षानुवर्षं त्याच्या मागे आहेत आणि संदेश अजून वाचता आलेला नाही. फाइल फोडून चिन्हं मिळतात, अर्थ मिळत नाही.

काही जण म्हणतात, अर्थ नसेलच, लोकांना झुलवत ठेवलंय. मला हे मान्य नाही. इतकी शिस्तबद्ध रचना करून आत काहीच न ठेवणं हा खेळाडूंचा अपमान ठरेल, आणि नोलाचा बाकीचा गेम बघता तो करणारी ही माणसं वाटत नाहीत.

फाइल चाळणाऱ्यांना सरसकट गुन्हेगार ठरवायचं कारण नाही. गेममधले दोष त्यांच्यामुळे उघड होतात, आणि विकीवरची आकडेवारी बहुतांशी त्यांच्याच कष्टाची असते. प्रश्न वेळेचा आहे. ‘म्यूजेनिक्स’सारख्या नव्या गेमच्या फाइलमध्ये काही सापडलं, तर ते निदान पहिले दोन महिने जाहीर करू नये. जाहीर करायचंच असेल तर शीर्षकात उत्तर टाकू नये. आणि आपण खेळणाऱ्यांनीही अडलं की लगेच विकी उघडण्याआधी एखाद्या मित्राला विचारावं, तुझ्या रनमध्ये त्या खोलीत काय दिसलं होतं?