निर्वासित बालकांचे समायोजन

युद्ध, वांशिक वा धार्मिक छळ, राजकीय उलथापालथ इ. कारणांनी मायदेश सोडावा लागलेली बालके परक्या देशाची भाषा, शाळा व समाज यांच्याशी जुळवून घेतात, त्या प्रक्रियेस ही संज्ञा लावली जाते. उपजीविकेसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलेही याच टप्प्यांतून जातात. मात्र त्यांच्या मनाची थोडीफार पूर्वतयारी झालेली असते आणि परतीची वाट बहुधा खुली असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या अलीकडच्या अंदाजांनुसार जगातील सक्तीने विस्थापित झालेल्या लोकांत सु. ४० टक्के व्यक्ती १८ वर्षांखालील आहेत.

मूल नव्या मुलखात लवकर रुळते, हा समज सर्वत्र आढळतो व तो अर्धाच खरा आहे. परकी भाषा कानी पडू लागल्यावर लहान मुले कित्येकदा काही आठवडे, क्वचित काही महिने, जवळजवळ बोलतच नाहीत. हा काळ ऐकून घेण्याचा असतो. पण वर्गात त्याची गणना मंदबुद्धीत होण्याचा संभव असतो. पुढे मूल खेळाच्या मैदानावर सफाईने बोलू लागते आणि नेमकी उलट चूक घडते : त्यास भाषा आली, असे समजून शिक्षक साहाय्य काढून घेतात. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ञ जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले, की बोलण्यापुरती भाषा मुलास सु. दोन वर्षांत येते. परंतु इतिहास वा विज्ञान शिकण्यास लागणाऱ्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठण्यास पाच ते सात वर्षे लागतात. दरम्यानच्या वर्षांतील अपयश बुद्धीचे मानले गेले, तर त्याचे परिणाम मुलास जन्मभर भोगावे लागतात.

आईवडिलांना नवी भाषा उशिरा येत असल्याने रुग्णालयात, कचेरीत, घरमालकाकडे दुभाष्याचे काम मुलाकडे येते. दहा वर्षांच्या मुलीने आईच्या दुखण्याचे निदान आईला समजावून सांगावे, ही वेळ बरी नव्हे. अशा मुलांत जबाबदारीची जाण व भाषिक चातुर्य वाढते हे खरे. पण वडीलधाऱ्यांचा अधिकार खालावतो व कुमारवयात कलह वाढतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आलेहांद्रो पोर्तेस व रुबेन रुंबाउट यांनी १९९२ पासून मायामी व सॅन डिएगो परिसरांतील स्थलांतरितांच्या पाच हजारांहून अधिक मुलांचा दीर्घकाल अभ्यास केला. नवी भाषा शिकताना घरची भाषाही ज्यांनी राखली, त्यांचे आईवडिलांशी खटके कमी उडतात व त्यांच्या आकांक्षा अधिक उंच असतात, असे त्यांस आढळले.

मुलाने काय राखावे व काय टाकावे, हे बरेचसे आश्रय कोणत्या पद्धतीने मिळाला यावर ठरते. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात नाझी अंमलाखालील प्रदेशांतून सु. १०,००० बालके, बहुतांशी ज्यू, आईवडिलांवाचून ब्रिटनमध्ये आणली गेली. पुष्कळशी इंग्रज कुटुंबांत वाढली. काही थोड्याच वर्षांत जर्मन भाषा विसरली. युद्धानंतर ज्यांचे आईवडील हयात आढळले, त्यांच्यापैकी काहींना त्यांच्याशी बोलण्यासाठी समान भाषाच उरली नव्हती. याउलट सोव्हिएट रशियातून इराणमार्गे आलेल्या सु. ५,००० पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया व मुले यांची, वसाहत कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात होती. पोलिश माध्यमाच्या शाळा, बालवीर पथके, प्रार्थनामंदिर असे सर्व काही तेथे होते. मायदेशी परतायचे या अपेक्षेने मुलांस वाढविण्यात आले. प्रत्यक्षात युद्धोत्तर पोलंडमध्ये न परतता अनेकजण ब्रिटन आदी देशांत गेले व त्यांच्या समायोजनाची खरी कसोटी तेथे लागली.

तिबेटी बालकांची गोष्ट या दोहोंपेक्षा वेगळी आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतर पाठोपाठ आलेल्या अनेक निर्वासितांना हिमालयातील रस्तेबांधणीवर काम मिळाले. छावण्यांत मुलांची आबाळ होई. उष्ण हवामान व क्षयासारखे रोग यांनीही त्यांना ग्रासले. १७ मे १९६० रोजी रस्त्यांवरील छावण्यांतून ५१ मुले धरमशाला येथे आणून दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांच्या देखरेखीखाली बालसदन सुरू झाले. १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते सांभाळले व त्यातून तिबेटी बालग्रामाची संस्था वाढली. एकेका घरात निरनिराळ्या वयांची मुले व त्यांची एक गृहमाता, अशी तेथील रचना आहे. मोठे अनाथालय उभारण्यापेक्षा ती श्रेयस्कर ठरली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण थोरले भावंड धाकट्यास सांभाळते ही घरातील रीत तीत टिकून राहिली. तिबेटी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषा ही मुले शिकत आली आहेत. बालग्रामाच्या शाळांनी पुढे प्राथमिक इयत्तांत तिबेटी माध्यमही स्वीकारले. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग या वसाहतीतही तिबेटी मुलांच्या पिढ्या वाढल्या.

बालकहक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २२ व्या अनुच्छेदाने निर्वासित बालकांना संरक्षण व साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात मात्र तो सामील नाही. भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलाचे नागरिकत्व त्याच्या जन्मतारखेवर अवलंबून राहते : १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यास ते जन्मानेच मिळते, नंतरच्यास केवळ जन्माने मिळत नाही. त्यामुळे एकाच शाळेतून बाहेर पडलेल्या दोन भावंडांपुढे वेगवेगळ्या वाटा येतात. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये एक हजार तिबेटी निर्वासितांना प्रवेशपरवाने देऊ केले. तेव्हापासून भारतातील तिबेटी तरुणांचे पुनःस्थलांतर वाढत गेले असून, त्यांची मुले न्यूयॉर्क, टोराँटो यांसारख्या शहरांत सुटीच्या दिवशी भरणाऱ्या वर्गांत तिबेटी अक्षरे गिरवितात.