चारूची दुर्बीण

सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) मी प्रथम पाहिला, तेव्हा तो मला भारीच संथ वाटला होता. “यात घडतं तरी काय?” असे मी हिला विचारले, तर ही काहीच बोलली नाही. परवा तो घरीच पुन्हा पाहिला आणि त्या न बोलण्याचा अर्थ उमगला!

१८७९ सालचे कलकत्ता. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभे केलेले श्रीमंताचे घर पाहा : भिंतींवर नक्षीदार कागद, जडजड फर्निचर, खिडक्यांना लाकडी झडपा. उणे असे काहीच नाही, आणि तेच चारूचे दुःख! नाटकगृहात वापरायची छोटी दुर्बीण घेऊन ती या खिडकीतून त्या खिडकीकडे धावते, झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. इतक्यात नवरा, भूपती, पुस्तकात डोके खुपसून तिच्या जवळून जातो. तिच्याकडे त्याचे लक्षही नसते. तेव्हा ती तीच दुर्बीण त्याच्यावर रोखते!

हाताच्या अंतरावरचा नवरा रस्त्यावरच्या वाटसरूइतका परका झाला आहे, हे सांगायला ना संवाद लागला, ना अश्रू. पुढे चारूचे मन दुसरीकडे गुंतते, संसाराची घडी विसकटते. शेवटी दोघांचे हात एकमेकांकडे येतात आणि मध्येच चित्र थिजते.

भूपती वर्तमानपत्र चालवतो. मी नुसते वाचतो. एवढाच काय तो फरक!

“चहा टाकू?” हिने विचारले.

मी हातातला पेपर बाजूला ठेवला. म्हटले, “बस जरा.”