शाहराज भोसले : गेय संहितेचा राजकवी

मराठी नाटकाचा आरंभ सांगलीच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवर’ प्रयोगापासून मानावा, की तंजावरच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’पासून, हा वाद जुनाच आहे. त्यात एक प्रश्न मात्र मागे पडला : तंजावरची ही रचना आजच्या अर्थाने ‘नाटक’ म्हणून वाचावी काय?

तिचा कर्ता शाहराज हा एकोजीचा पुत्र व शिवछत्रपतींचा पुतण्या. त्याची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी. त्याआधी तंजावरच्या नायक राजांनी तेलुगू यक्षगान जोपासले होते. मराठी राजाने तो साचा मोडला नाही, उलट आपलासा केला. तेलुगूत ‘पल्लकीसेवाप्रबंध’, हिंदीत ‘राधाबन्सीधरविलास’, आणि एका नाटकात तर चक्क पाच भाषा!

या संहितांचा कणा म्हणजे ‘दरु’ हे गीत. त्याच्या शिरोभागी राग व ताल यांचा निर्देश असतो. गद्य त्या मानाने थोडे. केवळ वाचणाऱ्यास पुनरुक्ती खटकते, पात्रे ठोकळेबाज वाटतात. परंतु गायकाच्या विस्ताराला आणि नर्तकीच्या अभिनयाला वाव ठेवायचा, तर शब्दाने थोडे मागेच राहावे लागते. स्वभावचित्रणाची फूटपट्टी येथे लावणे अन्यायाचे होय.

याच काळात इटलीतही उमराव मंडळी संगीतनाट्याच्या संहिता लिहीत होती. व्हेनिसच्या सरदार घराण्यातील कार्डिनल ग्रिमानी याच्या नावावरील ‘आग्रिप्पिना’ हँडेलने स्वरबद्ध केली. तिचा प्रयोग १७०९ मध्ये झाला. तेथे संगीतकाराची स्वरलिपी संहितेजवळ कायम राहिली, म्हणून आजही प्रयोग होऊ शकतो. शाहराजाच्या दरूवरील रागनाम मात्र केवळ चौकट देते, चाल देत नाही. त्याच्याच नावावरील ‘रागलक्षणमु’ हा ग्रंथ म्हणूनच मराठीच्या अभ्यासकानेही पाहावयास हवा. तो संगीतज्ञांवर सोपवून भागणार नाही.

कर्तृत्वाची शंका अर्थातच उरते. १६९३ मध्ये ज्याने ४६ विद्वानांना तिरुविशनल्लूर अग्रहार दिले, त्याच्या दरबारी राजाच्या नावे लिहिणारे हात कमी नसणार. तथापि तिरुवारूरच्या त्यागेशावरील भक्ती त्याच्या रचनांतून इतक्या सातत्याने येते की, सारे श्रेय पंडितांकडे वळवणे कठीण जाते. निर्णय व्हायचा तो भाषांची सरमिसळ आणि दरूंची बांधणी हस्तलिखितांवरून ताडून पाहूनच. आणि त्यासाठी संपादित प्रतीत राग-तालाचे निर्देश जसेच्या तसे राखले गेले पाहिजेत.