झाकलेला हात

11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट डेबिट कार्डं घेऊन 28 देशांत माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि सुमारे 78 कोटी रुपये काढून पसार झाली. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, त्यातले काही कोल्हापुरातून. सोमवारी, 13 तारखेला, हाँगकाँगच्या एका खात्यात जवळपास 14 कोटी वळवण्यात आले. एकूण आकडा 94 कोटींच्या पुढे गेला. पुढे 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणी 11 जणांना दोषी ठरवलं.

एटीएममधलं यंत्र पैसे द्यायचे की नाही हे स्वतः ठरवत नाही. कार्डावरची माहिती आणि कूटबद्ध केलेला पिन ते पुढे पाठवतं. बँकेचा स्विच, म्हणजे अशा विनंत्या तपासणारी संगणक यंत्रणा, ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं कळवतो. कॉसमॉसमध्ये चोरांनी खऱ्या स्विचला वगळून मध्येच स्वतःचा खोटा स्विच बसवला होता. तो प्रत्येक विनंतीला होकार देत गेला. अशा हल्ल्यापुढे खातेदाराची सावधगिरी काही कामाची नाही. तो रोखणं ही बँकेचीच जबाबदारी, आणि ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचं बँकेनं तेव्हा जाहीर केलं होतं. पण मुळात बनावट कार्डं बनवता येतात, ती का, हे मात्र प्रत्येक कार्डधारकानं समजून घ्यायला हवं.

कार्डाच्या मागची काळी पट्टी हा जुन्या कॅसेटच्या टेपचाच प्रकार आहे. तिच्यातल्या सूक्ष्म चुंबकीय कणांत कार्डाचा क्रमांक, मुदत अशी माहिती नोंदलेली असते. ती उघड असते आणि कधीच बदलत नाही. त्यामुळे पट्टी वाचू शकणाऱ्या कुणालाही तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवता येते. कार्ड सरकवण्याच्या खाचेवर तशाच रंगाचा, तशाच घडणीचा एक खोटा तुकडा चिकटवायचा, त्यात वाचक बसवायचा आणि पिनसाठी वर कुठेतरी कॅमेरा लपवायचा, ही स्किमिंगची पद्धत. 2016 च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमला एका एटीएममध्ये धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखं दिसणारं एक उपकरण सापडलं. कॅमेरा त्यात होता. या प्रकरणातला एक रोमानियन नागरिक नंतर मुंबईत पकडला गेला.

चिपनं हे चित्र बदललं. चिप म्हणजे एक छोटा संगणकच असतो. त्याच्या आतली गुप्त किल्ली बाहेर कधीच येत नाही. प्रत्येक व्यवहारात यंत्र चिपला रक्कम आणि एक नवा यादृच्छिक आकडा देतं. चिप त्यावर आपली किल्ली वापरून एक सांकेतिक उत्तर तयार करते, आणि ते उत्तर फक्त त्या एका व्यवहारापुरतं खरं असतं. कुणी ते मध्येच टिपून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेनं केवळ पट्टीवर चालणारी कार्डं बदलण्यासाठी 31 डिसेंबर 2018 ही मुदत दिली होती. तेव्हापासून बऱ्याच एटीएममध्ये व्यवहार संपेपर्यंत कार्ड आत अडकून राहतं. सुरुवातीला लोक घाबरून ते ओढायचे. यंत्राला चिपशी अनेकदा बोलावं लागतं, म्हणून ते कार्ड धरून ठेवतं. ओढू नका.

पट्टी मात्र कार्डावरून अजून गेलेली नाही, कारण जगात काही ठिकाणी ती अजून चालते. म्हणूनच परदेशातला वापर बंद ठेवण्याची सोय इतकी मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या आदेशानुसार तुम्हाला कार्डाचा परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि रोजची मर्यादा स्वतः ठरवता येते. बँकेच्या अॅपमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. परदेशी जायचं नसेल तर तो पर्याय उघडा ठेवण्याचं काहीच कारण नाही.

आता पिनकडे वळू. एटीएमचा धातूचा कीपॅड म्हणजे नुसती बटणं नसतात. तुम्ही दाबलेले चार आकडे त्या बंद पेटीच्या आतच कूटबद्ध होतात आणि मगच यंत्राच्या संगणकाकडे जातात. पेटी उघडण्याचा प्रयत्न झाला तर ती आपल्या गुप्त किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणानंतर पिन सुरक्षित असतो. उघडा पडतो तो त्याच्या आधी, बोट आणि बटण यांच्यामधल्या बोटभर अंतरात. साऱ्या गणिती सुरक्षेबाहेर राहिलेली जागा ती एवढीच, आणि ती झाकण्याचं साधन म्हणजे तुमचाच दुसरा हात.

पण नीट झाकायला हवं. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये 58 जणांना एका हातानं कीपॅड झाकून पिन टाकायला लावलं आणि त्या चित्रीकरणावरून संगणकाला शिकवलं. हात झाकलेला असूनही, बोटांच्या सांध्यांच्या हालचालींवरून संगणकानं चार आकडी पिन तीन प्रयत्नांत 41 टक्के वेळा ओळखला. अनेक लोक तळहात वर धरतात खरा, पण तो कीपॅडपासून दूर आणि तिरका. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला बाजूनं पुरेशी जागा उरते. हात कीपॅडच्या अगदी जवळ, पूर्ण आडवा धरला पाहिजे, आणि पाकीट किंवा पासबुक हाताशी असेल तर त्याचा आडोसाही चालतो.

पिनचे आकडे चारच का? पहिलं रोख देणारं यंत्र 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेनं सुरू केलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते, पण पत्नीनं चारच लक्षात राहतील असं सांगितलं, ही आठवण ते स्वतः सांगत. चार आकड्यांचे दहा हजार पर्याय होतात. तीनदा चुकल्यावर कार्ड रोखलं जातं, त्यामुळे अंदाजानं पिन सापडणं जवळपास अशक्य असायला हवं. तरी केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं की लोक जन्मतारीख इतक्या सर्रास वापरतात की चोराला साधारण दर 11 ते 18 पाकिटांमागे एकाचा पिन नुसत्या अंदाजानं लागू शकतो. पाकिटात आधार किंवा वाहन परवाना असतोच, आणि त्यावर बहुधा जन्मतारीख असते.

तंत्र इतकं भक्कम झाल्यावर चोरानं यंत्राचा नाद सोडला आणि तो यंत्राशेजारच्या माणसाकडे वळला. आज आपल्याकडे सर्वांत जास्त दुखावणारा प्रकार म्हणजे कार्डाची अदलाबदल. “काका, मशीन जुनं आहे, द्या इकडे, मी काढून देतो.” पैसे खरंच निघतात, कार्ड परतही मिळतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, त्याच बँकेचं, त्याच रंगाचं. पिन त्यानं शेजारी उभं राहून पाहिलेला असतो. पेन्शन काढायला आलेले आजोबा किंवा अनुदान जमा झाल्याचं ऐकून तालुक्याला आलेली मावशी घरी पोहोचेपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं. काही ठिकाणी खाचेत गोंद टाकून कार्ड अडकवतात आणि भिंतीवर खोटा हेल्पलाइन क्रमांक चिकटवून ठेवतात. काही ठिकाणी नोटा बाहेर येण्याच्या फटीवर पट्टी चिकटवून रोख आतच अडवतात.

या फसवणुकीला ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. बऱ्याच केंद्रांवर रक्षक नाही, पडद्यावरची सूचना काही सेकंदांत निघून जाते, आणि मराठीचा पर्याय पहिल्याच पडद्यावर असतो हे कुणी शिकवलेलं नसतं. ज्याला यंत्राची भीती वाटते तो शेजारच्याला विचारणारच. पर्याय एकच: बँकेच्या वेळेत, शाखेला लागून असलेल्या एटीएममध्ये जावं, म्हणजे अडल्यावर आतल्या कर्मचाऱ्याला विचारता येतं. कार्डावर स्वतःच्या ओळखीची एक बारीक खूण किंवा टिकली असेल तर अदलाबदल लगेच लक्षात येते. पिन उलटा टाकला की पोलीस येतात, हा मोबाईलवर फिरणारा निरोप मात्र साफ खोटा आहे. 2552 उलटा केला तरी 2552 च राहतो.

तरीही पैसे गेलेच तर पहिला फोन बँकेला, कार्ड बंद करण्यासाठी, आणि लगेच दुसरा 1930 या सायबर हेल्पलाइनला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली तर तुमचं नुकसान शून्य. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. पिन स्वतः कुणाला सांगितला असेल तर मात्र तक्रार नोंदवेपर्यंतचा तोटा तुमचा, म्हणून तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं. रोख न मिळताच खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी. नाही आली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देणं बँकेला बंधनकारक आहे.

ते तीन दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजले जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला तर नाही ना, हे याच आठवड्यात पासबुक घेऊन शाखेत जाऊन तपासा.