हर्बर्ट क्रोमर : कंपनी, विद्यापीठ आणि एक न सुटणारा प्रश्न



दरवर्षी अंतिम वर्षाचे काही विद्यार्थी माझ्याकडे येऊन जवळजवळ त्याच शब्दांत विचारतात, "सर, कॅम्पसमधली नोकरी घेऊ की संशोधनाकडे जाऊ? एकदा कंपनीत गेलो की परतीची वाट बंदच ना?" मी स्वतः एम.टेक.नंतर काही वर्षे कंपनीत काम करून मग शिकवायला आलो, त्यामुळे या प्रश्नामागची धास्ती मला कळते. पण माझे उदाहरण फार लहान आहे. म्हणून आज आपण एका भौतिकशास्त्रज्ञाची कारकीर्द पाहणार आहोत. त्यांनी सरकारी प्रयोगशाळा, चार कंपन्या आणि दोन विद्यापीठांत काम केले, अटलांटिक महासागर तीनदा ओलांडून नोकऱ्या बदलल्या आणि २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांचे नाव हर्बर्ट क्रोमर.

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

१. हेटरोस्ट्रक्चर म्हणजे काय आणि त्यामुळे ट्रान्झिस्टर व लेसर यांत नेमका कोणता फरक पडला.
२. क्रोमर यांच्या प्रत्येक नोकरीचा त्यांच्या संशोधनाशी काय संबंध होता.
३. "याचा उपयोग काय?" या प्रश्नाचे उत्तर देणे कधी कधी इतके अवघड का असते.

पूर्वतयारी म्हणून पी-एन जंक्शन, बँडगॅप आणि बायपोलर ट्रान्झिस्टर एवढे माहीत असले तरी पुरे.

१. सुरुवात : वायमार ते ग्योटिंगेन

क्रोमर यांचा जन्म २५ ऑगस्ट १९२८ रोजी जर्मनीतील वायमार येथे झाला. आईवडिलांचे शिक्षण बेताचे होते, वडील नगर प्रशासनात नोकरीला होते. मुलाने भौतिकशास्त्र शिकायचे म्हटल्यावर वडिलांना पडलेला प्रश्न तुमच्याही घरात ऐकू आला असेल : हे नेमके काय असते आणि यावर पोट भरते का?

१९४७ मध्ये त्यांनी येना विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे फ्रिडरिश हुंड शिकवत होते. रसायनशास्त्रात तुम्ही शिकलेला हुंडचा नियम याच हुंड यांचा. महायुद्धानंतर येना सोव्हिएत ताब्यातील भागात होते आणि विद्यार्थ्यांवरील राजकीय दडपण वाढत होते. १९४८ च्या उन्हाळ्यात क्रोमर बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत विद्यार्थी म्हणून काम करत होते. बर्लिनची नाकेबंदी सुरू होती, पश्चिमेकडून विमानांनी धान्य आणि कोळसा येत होता आणि विमाने रिकामी परतत होती. अशाच एका परतीच्या विमानातून ते पश्चिमेकडे निघून गेले. ग्योटिंगेन विद्यापीठात त्यांनी १९५२ मध्ये, वयाची चोविशी पूर्ण होण्याआधी, पीएच.डी. मिळवली. विषय होता त्या काळी अगदी नव्या असलेल्या ट्रान्झिस्टरमधील 'तप्त' इलेक्ट्रॉनांचे वर्तन.

२. टपाल खात्यातला भौतिकशास्त्रज्ञ

विद्यापीठात जागा नव्हत्या. क्रोमर डार्मश्टाट येथे जर्मन टपाल खात्याच्या दूरसंचार प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथल्या छोट्या सेमीकंडक्टर गटाचे ते घरचे सिद्धांतकार होते. सहकाऱ्यांना प्रयोगात काही अडले, की त्याचे उत्तर शोधायचे, हे त्यांचे काम. पुढच्या सगळ्या कामाचे बीज याच नोकरीत रुजले.

सहकाऱ्यांची अडचण साधी होती. तेव्हाचे ट्रान्झिस्टर फार मंद होते, दूरसंचारासाठी लागणाऱ्या उच्च वारंवारतेला चालत नव्हते. कारण असे : एमिटरमधून बेसमध्ये आलेले वाहक कलेक्टरपर्यंत केवळ विसरणाने पोहोचतात. गर्दीत वाट न कळलेला माणूस इकडेतिकडे ढकलला जात दारापर्यंत पोहोचावा, तसे. क्रोमर यांनी विचारले, बेसमध्येच एक विद्युतक्षेत्र बांधून ठेवले तर? बेसचे डोपिंग एमिटरकडे जास्त आणि कलेक्टरकडे कमी ठेवले, तर असे क्षेत्र आपोआप तयार होते आणि वाहकांना पुढे ढकलते. हा ड्रिफ्ट ट्रान्झिस्टर.

इथेच त्यांच्या मनात दुसरा प्रश्न आला. क्षेत्र निर्माण करायला डोपिंगच बदलायला हवे का? पदार्थच हळूहळू बदलत नेला, म्हणजे बँडगॅपच बदलत नेला, तर? हा प्रश्न पुढे त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरला.

३. प्रिन्स्टन : मूळ कल्पना

१९५४ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. १९५७ मध्ये त्यांनी ही कल्पना पूर्ण स्वरूपात मांडली. ती नीट समजून घेऊ.

ऊर्जापट्ट्यांची नेहमीची आकृती डोळ्यांसमोर आणा. वर वहनपट्टीची कड, खाली संयुजापट्टीची कड. इलेक्ट्रॉन वरच्या रेषेवर ठेवलेल्या गोटीसारखा उताराकडे घरंगळतो. होल खालच्या रेषेखाली अडकलेल्या बुडबुड्यासारखा चढाकडे सरकतो. साधे विद्युतक्षेत्र लावले, की दोन्ही रेषा समांतर तिरक्या होतात. गोटी एका बाजूला जाते, बुडबुडा विरुद्ध बाजूला.

आता बँडगॅप एका टोकाकडे कमी होत गेला आहे, असे समजा. वरची रेषा खाली उतरते आणि खालची रेषा वर चढते, दोन्ही एकमेकींजवळ येतात. आता गोटी आणि बुडबुडा दोघेही अरुंद टोकाकडे, म्हणजे एकाच दिशेने जातात. साध्या विद्युतक्षेत्राने हे कधीच शक्य नाही, कारण दोघांचे विद्युतभार विरुद्ध आहेत. इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यावरील बलांचे स्वतंत्र नियंत्रण आता अभियंत्याच्या हाती आले. भिन्न बँडगॅपचे पदार्थ जोडून केलेल्या अशा रचनेला हेटरोस्ट्रक्चर म्हणतात.

याचा पहिला फायदा ट्रान्झिस्टरला. एमिटरमधून बेसमध्ये इलेक्ट्रॉन जावेत, पण बेसमधून एमिटरमध्ये होल येऊ नयेत, अशी आपली इच्छा असते. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये त्यासाठी एमिटरचे डोपिंग बेसपेक्षा खूप जास्त ठेवावे लागते. मग बेसचा रोध वाढतो आणि वेग मार खातो. एमिटरचा बँडगॅप बेसपेक्षा मोठा घेतला, तर होलांना जास्तीचा अडथळा पार करावा लागतो. समजा, फरक ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. या दोहोंचे गुणोत्तर ७.७ आणि त्याचे घातांकी मूल्य सुमारे २,२००. म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या प्रवाहांचे गुणोत्तर सुमारे २,२०० पटींनी सुधारते. मग बेसचे डोपिंग हवे तेवढे वाढवता येते आणि ट्रान्झिस्टर वेगवान होतो. तुमच्या मोबाइलमधील प्रेषणाच्या ॲम्प्लिफायरमध्ये असे हेटरोजंक्शन ट्रान्झिस्टर वापरले जातात.

मात्र १९५७ मध्ये हे सारे कागदावर होते. दोन भिन्न स्फटिक दोषांशिवाय एकमेकांवर वाढवण्याचे तंत्र तेव्हा नव्हते.

४. पालो आल्टो : नाकारलेला लेसर

१९५७ मध्ये क्रोमर जर्मनीत परतले आणि हॅम्बुर्ग येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत एका गटाचे प्रमुख झाले. १९५९ मध्ये पुन्हा अमेरिका, यावेळी कॅलिफोर्नियातील व्हेरियन असोसिएट्स.

सेमीकंडक्टर लेसरचा शोध १९६२ मध्ये लागला. पण तो लेसर अतिशीत तापमानाला आणि तेही क्षणिक स्पंदांपुरताच चालत असे. १९६३ मध्ये व्हेरियनमधील एका सहकाऱ्याने या विषयावर व्याख्यान दिले आणि खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर मुळातच अशक्य असल्याचे तज्ज्ञांचे मत सांगितले. कारण, इलेक्ट्रॉन आणि होल जंक्शनपाशी टिकत नाहीत, दुसऱ्या बाजूला निसटून जातात.

क्रोमर यांना उत्तर लगेच दिसले. मधल्या पातळ थराच्या दोन्ही बाजूंना मोठ्या बँडगॅपचे पदार्थ लावा. दोन बांधांमध्ये पाणी अडवावे तसे इलेक्ट्रॉन आणि होल मधल्या थरात अडकतील आणि तिथेच एकत्र येऊन प्रकाश देतील. हे दुहेरी हेटरोस्ट्रक्चर. सहा वर्षांपूर्वी ट्रान्झिस्टरसाठी केलेला विचार इथे जसाच्या तसा कामी आला.

त्यांनी शोधनिबंध 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'कडे पाठवला. तो नाकारला गेला. मग तो 'प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई'मध्ये १९६३ मध्ये छापून आला, पण फारसा कोणी वाचला नाही. पेटंटचा अर्जही झाला. मात्र प्रत्यक्ष लेसर बनवण्यासाठी कंपनीने साधने दिली नाहीत. कारण दिले गेले, की अशा उपकरणाचा व्यवहारात काही उपयोग होऊच शकत नाही!

त्याच वर्षी लेनिनग्राडच्या योफे संस्थेत झोरेस अल्फेरोव्ह आणि रुडॉल्फ काझारिनोव्ह यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती. अल्फेरोव्ह यांच्या गटाला साधने आणि वेळ दोन्ही मिळाले. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड या जोडीच्या स्फटिकांची अणुअंतरे जवळजवळ सारखी असतात, त्यामुळे थर एकमेकांवर नीट बसतात. ही जोडी वापरून १९७० मध्ये त्यांनी खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर करून दाखवला. पाठोपाठ बेल लॅब्जमध्ये इझुओ हायाशी आणि मॉर्टन पॅनिश यांनाही यश आले.

क्रोमर या शर्यतीत नव्हते. साधने नाकारली गेल्यावर ते गन परिणामाच्या अभ्यासाकडे वळले आणि १९६४ मध्ये त्याचे पहिले स्पष्टीकरण त्यांनी प्रसिद्ध केले. हेटरोस्ट्रक्चरकडे ते सुमारे दहा वर्षे परतले नाहीत. ही गोष्ट सांगताना हा भाग वगळू नये. चांगली कल्पना असूनही ती दुसऱ्यांच्या हातून प्रत्यक्षात येताना पाहावी लागते, असे घडते.

५. विद्यापीठात, चाळिशीत

१९६६ ते १९६८ फेअरचाइल्ड कंपनीत काढून क्रोमर कोलोरॅडो विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. १९७६ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा संकुलात आले.

हा विभाग लहान होता, पैसा मर्यादित होता. जगभर सिलिकॉनची चलती होती. क्रोमर यांनी विभागाला पटवले, की सिलिकॉनमध्ये आपण मोठ्या केंद्रांच्या मागेच राहू. त्याऐवजी सगळे बळ संयुग सेमीकंडक्टरांवर लावू, तिथे आपण आघाडीवर राहू शकतो. आयुष्यभर सिद्धांत मांडणाऱ्या या माणसाने पन्नाशीच्या आसपास रेण्वीय झोताने स्फटिक वाढवण्याचे तंत्र हाती घेतले. कुठे पैसा लावायचा आणि कुठे नाही, याचे भान त्यांना इतकी वर्षे उद्योगात घालवूनच आले असावे, असे मला वाटते. पुढे हे संकुल या क्षेत्रातील जगातले एक प्रमुख केंद्र झाले. निळ्या एलईडीचे शुजी नाकामुरा जपानमधील कंपनी सोडून इथेच प्राध्यापक म्हणून आले.

२००० सालच्या नोबेलचा अर्धा वाटा क्रोमर आणि अल्फेरोव्ह यांना मिळून देण्यात आला. उरलेला अर्धा एकात्मिक परिपथाबद्दल टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांना. क्रोमर यांचे निधन मार्च २०२४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी झाले.

६. "याचा उपयोग काय?"

ज्या लेसरचा काहीच उपयोग नाही असे म्हटले गेले, त्याच्यावर पुढे सीडी प्लेअर चालला, दुकानातला बारकोड वाचला गेला आणि आंतरखंडीय फायबर केबलींमधून इंटरनेट धावू लागले. हे उपयोग १९६३ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. क्रोमर म्हणत असत, की खरोखर नव्या तंत्रज्ञानाचे मुख्य उपयोग ते तंत्रज्ञानच निर्माण करते. आज काय चालते, यावरून ते जोखता येत नाही.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत आम्ही परीक्षक "याचे ॲप्लिकेशन काय?" असे हटकून विचारतो. मीही विचारतो. पण उत्तर न आल्यास गुण कापण्याआधी हल्ली मी थोडा थांबतो आणि दुसरा प्रश्न विचारतो, "हे का चालते, ते सांग." पहिल्याचे उत्तर काळावर सोडता येते, दुसऱ्याचे नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. क्रोमर यांच्या कारकिर्दीवरून 'कंपनी बरी' किंवा 'विद्यापीठ बरे' असा निष्कर्ष निघत नाही. प्रश्न त्यांना सरकारी प्रयोगशाळेने दिला, सिद्धांत एका कंपनीत झाला, लेसरची कल्पना दुसऱ्या कंपनीत सुचली आणि तिथेच अडली, स्फटिक प्रत्यक्ष वाढवले ते विद्यापीठात. ते जागा बदलत गेले, प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. दहा वर्षे बाजूला ठेवला, तरी सोडला नाही. तेव्हा ऑफर लेटर हातात आल्यावर पगाराबरोबर हेही पाहा : इथे मला कोणता प्रश्न भेटणार आहे, आणि तो माझ्याबरोबर पुढे येऊ शकेल का?

सारांश

- बँडगॅप बदलत नेल्यास इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यावर स्वतंत्र, एकाच दिशेचेही बल लावता येते.
- मोठ्या बँडगॅपच्या एमिटरमुळे बेसचे डोपिंग वाढवता येते आणि ट्रान्झिस्टर वेगवान होतो.
- दुहेरी हेटरोस्ट्रक्चरमुळे वाहक मधल्या थरात अडकतात आणि लेसर खोलीच्या तापमानाला अखंड चालतो.

स्वाध्याय

१. बँडगॅपमधील फरक ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर प्रवाहांचे गुणोत्तर किती पटींनी सुधारेल? (उत्तर : सुमारे ४७)
२. बँडगॅप सलग बदलत जाणाऱ्या पदार्थाची ऊर्जापट्टी आकृती काढा आणि दोन्ही वाहकांवरील बलांच्या दिशा दाखवा.
३. मधल्या थराचा अपवर्तनांक बाजूच्या थरांपेक्षा जास्त असतो. याचा लेसरला कोणता आणखी एक फायदा होईल? ऑप्टिकल फायबरशी तुलना करा.
४. तुमच्या प्रोजेक्टमधील असा एक प्रश्न लिहा, जो पदवीनंतरही तुम्हाला सोडवावासा वाटेल. उत्तर वहीत ठेवा, पाच वर्षांनी पुन्हा वाचा.