एका पेशीचा जीव

विरजण लावलेल्या दुधाचे एका रात्रीत दही होते. हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माती, पाणी, हवा, एवढेच नव्हे तर आपली त्वचा आणि आतडी, अशी सर्वत्र त्यांची वस्ती असते. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. जिवाणूचे सारे शरीर म्हणजे मात्र एकच पेशी होय. ती इतकी लहान असते, की असे सुमारे पाचशे जिवाणू ओळीने मांडले, तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल.

एवढ्याशा देहाची रचनाही मोठी नेटकी असते. बाहेरची पेशीभित्तिका पेशीला आकार देते व तिचे रक्षण करते. तिच्या आतील पातळ पेशीपटल पहारेकऱ्याप्रमाणे अन्न आत घेते आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर सोडते. पटलाच्या आत पेशीद्रव्य भरलेले असते. आपल्या पेशीतील आनुवंशिक द्रव्य केंद्रकाच्या वेगळ्या कोठडीत असते. जिवाणूजवळ अशी कोठडी नसते. त्याचे आनुवंशिक द्रव्य पेशीद्रव्यातच गुंडाळलेले असते. त्यातील सूचनांप्रमाणे रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण प्रथिने तयार करतात.

अन्न घेणे, वाढणे आणि दुभंगून एकाचे दोन होणे, हा जिवाणूचा जीवनक्रम. आपल्या आतड्यांतील काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुभंगतात. या गतीने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होतील!

सर्वच जिवाणू असे चपळ नसतात. १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जिवाणू शोधून काढला. त्याच्या भित्तिकेत मेणासारख्या द्रव्यांचा जाड थर असतो. त्याला दुभंगण्यास बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून रोगाची लक्षणे दिसू लागण्यास अनेकदा पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचेत आणि त्वचेलगतच्या मज्जातंतूंत, तो वाढतो. मज्जातंतू निकामी झाले, की तो भाग बधिर होतो. मग चटका बसला तरी कळत नाही आणि जखमा चिघळतात. कारण ठाऊक नसल्यामुळे लोक या रोगाला पापाचे फळ मानीत आणि रोग्याला गावाबाहेर घालवीत.

अशा काळात, १९३६ साली, विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. सेवाग्रामच्या आश्रमात महात्मा गांधी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत. त्या वेळी खात्रीचे औषध नव्हते. १९५१ साली वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन रोगी शोधले, त्यांच्यावर उपचार केले आणि लोकांना रोगाची खरी माहिती दिली.

पुढे औषधांनी जिवाणूचे मर्मच गाठले. डॅप्सोन हे औषध फॉलिक आम्ल बनवण्याच्या त्याच्या क्रियेत अडथळा आणते. जिवाणूला हे आम्ल स्वतः बनवावे लागते; आपल्याला ते अन्नातून मिळते. रिफॅम्पिसिन हे औषध आनुवंशिक द्रव्यातील सूचना वाचण्याचे जिवाणूचे कामच बंद पाडते. एकाच औषधाला जिवाणू दाद देईनासे होतात, म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आता सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने हा रोग बरा होतो.

बहुतेक माणसांच्या शरीरात या जिवाणूला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. हात हातात घेतल्याने किंवा शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. अपंगत्व येते ते उपचारास उशीर झाल्यामुळे. म्हणून त्वचेवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नये. वडीलधाऱ्यांना सांगून आरोग्य केंद्रात जावे. तेथे उपचार विनामूल्य मिळतात. आणि या रोगातून बरा झालेला मनुष्य भेटला, तर निःशंक मनाने त्याच्या शेजारी बसावे.