एका लॅपटॉपवर तीन-तीन जावा : निक्सओएसवर त्या भांडत का नाहीत?

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये मॉड टाकून खेळणाऱ्यांना एक गणित तोंडपाठ असतं. गेमची आवृत्ती १.१६ किंवा त्याआधीची असेल तर जावा ८. १.१८ ला जावा १७. आणि १.२०.५ ला जावा २१. चुकीची जावा दिली की गेम उघडतच नाही, समोर लाल अक्षरांचा ढीग येतो.

गेम अडला तर फार तर संध्याकाळ वाया जाते. पण हाच घोळ नोकरीतही होतो. समजा, एका डेव्हलपरकडे दोन प्रोजेक्ट आहेत. एक दहा वर्षांपूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर, जावा ८ वर चालणारं, ग्राहक अजूनही रोज वापरतोय. दुसरं नवं, जावा २१ वरचं. सोमवारी नव्या कामासाठी लॅपटॉपवरची जावा बदलली. गुरुवारी ग्राहकाचा फोन आला, बिलं निघत नाहीत, लगेच बघा. आणि आता जुना कोड बिल्डच होत नाही.

जुन्या जावावरच लोक का अडकून राहतात?

जावा ८ आली मार्च २०१४ मध्ये. त्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आली आणि तिथून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायचं ठरलं. त्यातल्या ११, १७, २१ आणि २५ या दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या. कंपन्या सहसा याच धरून चालतात.

नव्या जावावर जुना प्रोग्रॅम चालतो, हे बहुतेक वेळा खरं आहे. पण अपवाद नेमके मोठ्या जुन्या प्रोजेक्टमध्येच निघतात. जावा ११ मधून एक्सएमएलच्या कामाची जॅक्सबी लायब्ररी बाहेर काढली गेली. जावा १७ ने आतल्या खासगी भागांची दारं पक्की बंद केली, जिथून अनेक जुन्या लायब्रऱ्या गुपचूप ये-जा करत होत्या.

उलट्या दिशेला तर सोयच नाही. नव्या जावावर तयार झालेली क्लास फाइल जुनी जावा वाचत नाही, ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणून परत पाठवते. त्या एररमध्ये ६१ किंवा ६५ असा आकडा दिसतो. त्यातून ४४ वजा करा, हवी ती जावा कळते. ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. (ही युक्ती ठाऊक नसल्याने कितीतरी लोक एरर न वाचताच जावा पुन्हा इन्स्टॉल करतात.)

मग निक्सओएस वेगळं काय करतं?

उबुंटूसारख्या नेहमीच्या लिनक्सवर अनेक जेडीके ठेवता येतात, पण ‘जावा’ अशी कमांड दिली की कोणती चालायची, हे अख्ख्या मशीनसाठी एकदाच ठरतं. बदलायचं तर कमांड द्यायची, काम झालं की आठवणीने परत फिरवायचं. गुरुवारचा गोंधळ या ‘आठवणीने’मुळेच होतो.

निक्सओएस हे डिक्लेरेटिव्ह लिनक्स आहे. वाण्याकडे जाऊन एकेक डबा दाखवत बसण्याऐवजी महिन्याची यादी द्यावी आणि त्याने पिशवी भरून ठेवावी, तसं. मशीनवर काय असावं हे एका फाइलमध्ये लिहायचं, एक कमांड द्यायची, सिस्टिम त्या यादीप्रमाणे तयार होते. जमलं नाही तर बूट मेन्यूमधून आधीची सिस्टिम निवडता येते. यामागचं निक्स हे टूल एल्को डोल्स्ट्रा यांचं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या त्यांच्या २००६ च्या पीएचडी प्रबंधाचा विषय हाच होता.

जावाच्या दृष्टीने खरी गंमत साठवणुकीत आहे. इथे प्रत्येक पॅकेज ‘निक्स स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि त्याच्या नावाच्या सुरुवातीला ३२ अक्षरांचा एक हॅश असतो. तो हॅश त्या पॅकेजच्या सोर्स कोडपासून ते बनवणाऱ्या कंपायलरपर्यंत सगळ्यावरून काढलेला असतो. यातलं काहीही बदललं की हॅश बदलतो, म्हणजे पत्ताच बदलतो. त्यामुळे जेडीके ८ आणि जेडीके २१ एकमेकांवर येऊच शकत नाहीत.

नवखे इथेच एक चूक करतात. सिस्टिमच्या पॅकेज यादीत जेडीके ८, १७, २१ असे सगळे लिहून टाकतात. स्टोअरमध्ये तिन्ही येतात, पण तिघांमध्येही ‘जावा’ याच नावाचा प्रोग्रॅम आहे. कमांड एकच, त्यामुळे एकच समोर राहतो. कोणता, हे पाहून धक्का बसतो.

त्यापेक्षा सिस्टिमसाठी एकच जावा ठरवावी. ‘प्रोग्रॅम्स डॉट जावा’ हा पर्याय सुरू करून त्यात जेडीके २१ लिहिलं की जावा होम हे व्हेरिएबलसुद्धा आपोआप लागतं. बाकीच्या आवृत्त्या ज्या त्या प्रोजेक्टच्या घरात.

प्रोजेक्टच्या घरात म्हणजे काय?

प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये निक्सची एक छोटी फाइल ठेवायची. त्यात लिहायचं : इथे जेडीके ८ आणि मॅव्हन. जोडीला डायरेन्व्ह हे टूल असेल तर टर्मिनलमधून फोल्डरमध्ये शिरताच जावा ८ मिळते, बाहेर पडलं की गेली. शेजारच्या फोल्डरमध्ये २१. दोन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडून दोन्हीवर एकाच वेळी काम करता येतं. ही फाइल कोडसोबत गिटमध्ये जाते, त्यामुळे टीममध्ये निक्स वापरणाऱ्या नव्या माणसाला ‘आधी अमुक जावा टाक’ हे सांगावं लागत नाही.

मॅव्हनवर मात्र लक्ष ठेवायला हवं. निक्समधलं मॅव्हन स्वतःसोबत एक ठरलेली जावा घेऊन येतं आणि जावा होम सेट नसेल तर तीच वापरतं. म्हणून ‘जावा’ची आवृत्ती तपासून थांबू नये, मॅव्हन कोणत्या जावावर चालतंय तेही विचारावं.

माइनक्राफ्टवाल्यांचं काम याहून सोपं आहे. प्रिझम लाँचरच्या निक्स पॅकेजला हव्या त्या जेडीकेंची यादीच देता येते.

मग कटकट कुठे आहे?

आहे, आणि ती पहिल्याच दिवशी भेटते. वेबसाइटवरून जेडीकेची झिप उतरवली, उघडली, चालवली, तर ती निक्सओएसवर चालत नाही. नेहमीच्या लिनक्सवरचा प्रोग्रॅम लोडर नावाची एक फाइल ठरावीक जागी शोधतो आणि निक्सओएसवर त्या जागी नेहमीचा लोडर नसतो. याच कारणाने एसडीकेमॅनने आणलेली किंवा ग्रेडलने परस्पर डाउनलोड केलेली जावासुद्धा अडते. निक्स-एलडी नावाचा उपाय आहे, पण जावापुरता तो शेवटी वापरावा. ग्रेडलला त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या जेडीकेंचे पत्ते देणं जास्त सरळ.

पण पत्ता कोणता द्यायचा? स्टोअरमधला तो हॅशवाला पत्ता इंटेलिजेमध्ये चिकटवला की त्या दिवशी सगळं छान चालतं. महिन्याभराने सिस्टिम अपडेट होते, जेडीकेचा हॅश बदलतो, डिस्क भरली म्हणून कोणी निक्सचा कचरा साफ करतं आणि जुना पत्ता गायब होतो. यावर उपाय म्हणजे कॉन्फिगरेशनमधूनच ईटीसी फोल्डरमध्ये ‘जेडीके-८’, ‘जेडीके-१७’ अशा कायम नावाच्या लिंक तयार करायच्या. आयडीई आणि ग्रेडलला याच लिंक द्यायच्या. आत हॅश कितीही बदलो, बाहेरचं नाव तेच राहतं. शिवाय सिस्टिमच त्यांना धरून असल्याने साफसफाईत त्या जात नाहीत. जागा मात्र लागते, एकेक जेडीके काहीशे एमबींचा असतो.

गोठवलेली जावा शिळी होते

फ्लेक वापरणाऱ्यांकडे एक लॉक फाइल असते. आज जी जावा ८ मिळाली, हुबेहूब तीच पुढच्या वर्षीही मिळेल, याची हमी ती देते. जुन्या बिलिंगसाठी ही हमी सोन्यासारखी आहे. पण जावाचे सुरक्षा अपडेट दर तीन महिन्यांनी येतात : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. लॉक फाइलला दोन वर्षं हात लावला नाही, तर त्या दोन वर्षांतलं एकही अपडेट त्या प्रोजेक्टपर्यंत पोहोचत नाही आणि ‘सगळं चालतंय’ म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. सिस्टिमची जावा अपडेट केली तरी प्रोजेक्टच्या घरातली जुनीच राहते. त्यामुळे या चार महिन्यांत ‘निक्स फ्लेक अपडेट’ चालवून, टेस्ट पाहून, बदललेली लॉक फाइल गिटमध्ये टाकायची, हे काम टीममधल्या एका कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असायला हवं.